कामगारांचे कैवारी : नारायण मेघाजी लोखंडे

पैनगंगेच्या काठी किनवट, माहूर या बाजूस काळ्या जमिनीची जी शेते आहेत, त्यांत दिवाळीच्या सुमारास कापसाची बोंडे फुटू लागतात. मग वेचणीची धांदल उडते. बायामाणसे कमरेला ओटी बांधून सकाळपासून कापूस वेचतात आणि भरलेल्या गाड्या बाजाराची वाट धरतात. शेतीचे कष्ट कधी संपत नाहीत; तरीही शेतकऱ्याच्या घरी विश्रांतीची एक जुनी वहिवाट असते. पुष्कळ गावांत अमावास्येला औत जुंपीत नाहीत. पोळ्याच्या दिवशी तर बैलाच्या मानेवर जू ठेवणे पाप समजतात. त्या दिवशी त्याला न्हाऊ घालतात, त्याची शिंगे रंगवतात, त्याला पुरणपोळीचा घास देतात. शेतातील मुक्या जनावराला मिळणारा हा हक्काचा विसावा, कापसाचे सूत काढणाऱ्या मुंबईच्या गिरणीतील माणसाला मात्र एकोणिसाव्या शतकात मिळत नव्हता. तो त्याला मिळावा म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे हे चरित्र आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील. घरची स्थिती बेताची असल्यामुळे मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण होताच त्यांना नोकरी पत्करावी लागली. त्या काळी एवढे इंग्रजी शिक्षण ही लहान गोष्ट नव्हती. शेतकरी व कारागीर जातींतील ज्या थोड्या मुलांना ते लाभत असे, त्यांना सरकारी किंवा व्यापारी कचेरीत बऱ्यापैकी जागा मिळे आणि मग घराचे दैन्य फिटे. लोखंडे यांनी प्रथम रेल्वेच्या टपाल खात्यात काम केले. पुढे मुंबईतील मांडवी येथील एका कापड गिरणीत ते कोठारावरचे अधिकारी झाले. गिरणीच्या भाषेत या जागेला स्टोअरकीपर म्हणत. हे काम मानाचे होते. भोंगा वाजताच धावत सुटणाऱ्या हजारो माणसांत त्यांना उभे राहावे लागत नव्हते. त्यांचे स्थान मालकाच्या कचेरीजवळ होते. मनात आणले असते तर तेथेच राहून त्यांना सुखाने दिवस काढता आले असते.

परंतु त्यांच्या मनाची घडण निराळ्या प्रकारे होत होती. १८७३ च्या सप्टेंबरात जोतीराव फुले यांनी पुण्यास सत्यशोधक समाजाची स्थापना केली. जन्माने कोणी उच्च किंवा नीच ठरत नाही, कष्ट करणाऱ्यांनी शिकले पाहिजे आणि आपल्या हक्कांची जाणीव ठेवली पाहिजे, हा विचार घेऊन या समाजाची माणसे गावोगाव फिरत. लोखंडे यांना हा विचार पटला. मुंबईतील सत्यशोधकांचे ते पुढारी झाले आणि अखेरपर्यंत जोतीरावांचे निष्ठावंत सहकारी राहिले. शेतकऱ्याच्या दुःखाकडे जोतीरावांनी ज्या दृष्टीने पाहिले, त्याच दृष्टीने लोखंडे गिरणीकडे पाहू लागले. कारण गिरणीत येणारा मजूर हा बहुधा शेतकरीच होता. कोकणात जमीन तोकडी, देशावर पाऊस अपुरा आणि सावकाराचे देणे दोन्हीकडे सारखेच. म्हणून रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतून माणसे मुंबईची वाट धरीत.

त्या गिरण्यांची स्थिती थोडी समजून घेतली पाहिजे. मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर या पारशी उद्योजकाने ताडदेव येथे उभारली. १८५६ मध्ये तिच्यातून सूत निघू लागले. पुढील तीस-पस्तीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. १८९० च्या सुमारास त्यांत काम करणाऱ्यांची संख्या ६०,००० च्या घरात गेली होती. गिरण्यांत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की यंत्रे सुरू होत आणि तो मावळला की थांबत. हिवाळ्यात हा दिवस लहान असे. उन्हाळ्यात मात्र तो तेरा-चौदा तासांपर्यंत लांबे. सूत तुटू नये म्हणून खात्यांतील हवा दमट ठेवीत, आणि त्या हवेत कापसाचे बारीक तंतू सतत तरंगत असत. दुपारी जेवणासाठी यंत्रे थांबवण्याचा नेम नव्हता. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने शेजाऱ्यावर काम सोपवून दोन घास खावेत अशी रीत होती. सणावाराला गिरणी बंद राही. पण आठवड्यातील एक दिवस आपला, असे मजुराला म्हणता येत नव्हते. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी असे. गिरणी कधी रविवारी बंद राहिलीच, तरी यंत्रे पुसण्यासाठी माणसांना काही तास यावेच लागे, म्हणजे तो दिवसही मोडे.

पगाराची तऱ्हा तर याहून वाईट होती. महिना संपल्यावर पुढच्या महिन्यात कितीतरी दिवस वेतन हाती पडत नसे. तोवर वाण्याची उधारी आणि पठाणाचे व्याज चालूच राही. उशिरा आल्याबद्दल किंवा काम बिघडल्याबद्दल दंड कापला जाई. नोकरी देणे आणि काढून घेणे हे मालकापेक्षा मुकादमाच्या हाती अधिक असे. गिरणीत त्याला जॉबर म्हणत. त्याला दस्तुरी दिल्यावाचून माणूस कामावर लागत नसे. यंत्रात हात सापडून बोटे तुटली, तर त्या मजुराचे पुढे काय व्हावे याची जबाबदारी कोणावरच नव्हती. कोठारात बसून लोखंडे हे सर्व जवळून पाहत होते.

सरकारने १८८१ साली हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा केला. सोराबजी शापुरजी बंगाली या दयाळू पारशी गृहस्थांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली होती. पण त्या कायद्याने साधले ते फारच थोडे. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढाच त्याचा मुख्य भाग. आठ वर्षांच्या मुलाने दिवसाचे नऊ तास यंत्रापाशी उभे राहणे हे त्या काळी कायदेशीर होते, हे वाचून आज आपल्याला नवल वाटेल. मोठ्या माणसांविषयी, मग ते पुरुष असोत की स्त्रिया, कायद्यात कामाच्या तासांची मर्यादाच नव्हती.

याच सुमारास लोखंडे यांच्या आयुष्याला वळण लागले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास ‘दीनबंधु’ नावाचे साप्ताहिक काढले होते. बहुजनसमाजाची गाऱ्हाणी मांडणारे ते पत्र पैशाच्या अडचणीमुळे बंद पडण्याच्या बेतास आले. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईस आणले आणि त्याचे संपादन हाती घेतले. गिरणीतील नोकरी सोडून ते या कामास लागले आणि मृत्यूपर्यंत त्यांनी हे पत्र चालवले. महिन्याचा निश्चित पगार सोडून तोट्यातले वर्तमानपत्र अंगावर घेणे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबाने फायद्याचा नव्हता. परंतु ज्यांच्यासाठी लिहायचे, त्यांतील बहुतेकांना वाचता येत नसतानाही लोखंडे यांनी तो केला. एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे, अशी त्या काळी वर्तमानपत्रांची रीत होती. शेतकऱ्यांची व गिरणी मजुरांची दुःखे या पत्रातून लोकांपुढे येऊ लागली.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. अशा चौकशीत मालकांचे म्हणणे मांडण्यास माणसे पुष्कळ असतात. मजुरांचे म्हणणे मांडणार कोण, हा प्रश्न होता. लोखंडे यांनी तो सोडवला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात २३ आणि २६ या तारखांना त्यांनी परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. हिंदुस्थानात कामगारांनी स्वतः एकत्र येऊन आपल्या मागण्या ठरवल्याचा हा आरंभीचा प्रसंग होय. मागण्या अगदी साध्या होत्या. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. काम करताना इजा झाली, तर बरे होईपर्यंत मजुराला वेतन मिळावे, आणि कायमचे अपंगत्व आले, तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. पगार वाढवून मागणारे एकही कलम या यादीत नव्हते! या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. तो अर्ज समितीपुढे गेला.

कामगारांच्या वतीने बोलणारी जी संस्था या वेळी उभी राहिली, तिचे नाव ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’. लोखंडे तिचे अध्यक्ष झाले. आज आपण कामगार संघटना म्हणतो, तेव्हा वर्गणी भरणारे सभासद, नियमांचे पुस्तक, निवडणूक आणि संपासाठी राखून ठेवलेला निधी या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. त्यांपैकी काहीच या संस्थेपाशी नव्हते. म्हणून काही अभ्यासक तिला खरी संघटना मानण्यास तयार होत नाहीत. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे असले, तरी ते पुरेसे वाटत नाही. ज्या मजुराची नोकरी मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून होती, त्याने उघड सभेस येऊन अर्जावर आपली सही करावी, हेच त्या दिवसांत मोठे धाडस होते. एक सही करणारा माणूस सहज कामावरून काढता येतो. साडेपाच हजारांना एकदम काढता येत नाही. लोखंडे यांनी कामगारांना दिलेला पहिला धडा हाच होता.

अर्ज गेला, पण फळ लगेच हाती आले नाही. पाच-सहा वर्षे तशीच गेली. या अवधीत एक विचित्र वाद माजला होता. हिंदुस्थानातील गिरण्यांवर निर्बंध घालावेत, अशी ओरड इंग्लंडमधील लँकेशायरचे कारखानदार करीत होते. मुंबईचे स्वस्त कापड आणि सूत त्यांच्या मालाशी स्पर्धा करू लागले होते, हे त्यामागचे खरे कारण. त्यामुळे आपल्याकडील अनेक देशभक्त मंडळींना आणि वर्तमानपत्रांना वाटे की, कारखाना कायदा कडक करणे म्हणजे बाल्यावस्थेतील देशी उद्योगाचा गळा दाबणे होय. या शंकेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. लोखंडे यांच्यापुढे मोठा पेच होता. कामगारांची बाजू घ्यावी तर परकीय व्यापाऱ्यांना साहाय्य केल्याचा ठपका येणार, गप्प बसावे तर मजुराचा दिवस तेरा तासांचाच राहणार. लँकेशायरचा हेतू काही असो, मजुराचा थकवा खोटा ठरत नाही, अशा निश्चयाने ते कामगारांच्या बाजूस उभे राहिले आणि टीका सहन केली.

१८९० साल उजाडले. २४ एप्रिल रोजी लोखंडे यांनी महालक्ष्मी येथील मोकळ्या मैदानावर कामगारांची प्रचंड सभा बोलावली. सुमारे दहा हजार कामगार तेथे जमले. या सभेतील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोन कामगार स्त्रियांनी व्यासपीठावर उभे राहून भाषणे केली. गिरण्यांतील सूत गुंडाळण्याच्या खात्यांत हजारो स्त्रिया काम करीत. पहाटे घरची भाकरी थापून त्या कामावर येत आणि दिवस मावळल्यावर घरी जाऊन पुन्हा चूल पेटवीत. सुशिक्षित घरांतील स्त्रियासुद्धा ज्या काळी सभेत तोंड उघडत नव्हत्या, त्या काळी या दोन मजूर बायांनी दहा हजार माणसांपुढे आठवड्याच्या सुट्टीची मागणी केली. सत्यशोधकांच्या शिकवणुकीत वाढलेल्या लोखंडे यांनी स्त्रियांना व्यासपीठ दिले, हे त्यांच्या स्वभावास धरूनच होते.

सभेने मंजूर केलेला अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे पाठवण्यात आला. मालकांनाही आता वारे कोणीकडे वाहते हे कळून चुकले होते. १० जून १८९० रोजी त्यांच्या संघाने रविवारच्या सुट्टीची मागणी मान्य केली. सभेपासून हा निर्णय होईपर्यंत पुरते दोन महिनेही लागले नाहीत. परंतु परळच्या पहिल्या सभेपासून मोजले, तर जवळजवळ सहा वर्षे लोटली होती.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने कारखान्यांसंबंधी नवे चौकशी मंडळ नेमले. त्याच्या मुंबईतील कामात लोखंडे यांना कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सहभागी करून घेण्यात आले. जो वर्ग सहा वर्षांपूर्वी केवळ अर्ज करणारा होता, त्याचा माणूस आता चौकशी करणाऱ्यांच्या पंगतीला बसला. त्यातून १८९१ चा कारखाना कायदा निर्माण झाला. नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तास आणि स्त्रियांसाठी अकरा तास ही मर्यादा ठरली. दुपारी अर्धा तास विसावा आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी यांना कायद्याचा आधार मिळाला. प्रौढ पुरुषांच्या कामाचे तास मात्र मोकळेच राहिले. त्यांना त्यासाठी आणखी वीस वर्षे, म्हणजे १९११ च्या कायद्यापर्यंत, थांबावे लागले.

लोखंडे यांचे कार्य गिरणीच्या आवारापुरते नव्हते. उच्चवर्णीय घरांत पती वारल्यावर स्त्रीचे केस काढून तिला विद्रूप करण्याची क्रूर चाल होती. हे काम ज्यांच्याकडून करून घेत, त्या नाभिक बांधवांनीच ते नाकारावे, असा अभिनव मार्ग सत्यशोधकांनी सुचवला. १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून तसा निश्चय केला. त्यामागे लोखंडे यांची प्रेरणा होती. ज्याच्या हातून अन्याय घडवला जातो, त्याने आपला हात आखडता घेतला तर अन्याय करणारा पांगळा होतो, हे कामगारांच्या या पुढाऱ्याने नेमके हेरले होते.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला. अनेकांचे प्राण गेले. कित्येक गिरण्यांचे काम थांबले आणि माणसे भयाने गावाकडे पळू लागली. लोखंडे या वेळी वस्त्यावस्त्यांतून फिरले. शेजारी राहणारी, एकाच भोंग्याने उठणारी माणसे एकमेकांचे वैरी होऊ शकत नाहीत, हे त्यांनी कामगारांना समजावले. भायखळ्याच्या राणीच्या बागेत सर्व धर्मांच्या लोकांची मोठी सभा घेऊन त्यांनी सलोख्याचा प्रयत्न केला. सरकारने १८९५ साली त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. जस्टिस ऑफ द पीस हा मानही त्यांना मिळाला. पदव्या मिळाल्यावर पुष्कळांचे पाय जमिनीला लागेनासे होतात. लोखंडे यांच्या बाबतीत तसे घडले नाही, याची साक्ष पुढच्याच वर्षी मिळाली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत ग्रंथिक ज्वराची, म्हणजे प्लेगची साथ सुरू झाली. ती प्रथम आढळली मांडवीत, जेथील गिरणीत लोखंडे यांनी पूर्वी नोकरी केली होती. एकेका खोलीत दहा-दहा माणसे राहत असलेल्या चाळींतून रोग वणव्यासारखा पसरला. श्रीमंतांनी शहर सोडले. मजुरांनीही वळकट्या बांधून बंदराची आणि आगगाडीची वाट धरली. गिरण्या ओस पडू लागल्या. पगारासाठी महिना महिना थांबवणारे मालक आता माणसे मिळावीत म्हणून रोजच्या रोज मजुरी देऊ लागले. सरकारी रुग्णालयांविषयी लोकांच्या मनात इतकी भीती बसली होती की, घरात रोगी असला तर त्याला लपवून ठेवीत. आपल्या माणसांनी चालवलेले रुग्णालय असेल तर गरीब तेथे विश्वासाने येतील, हे जाणून लोखंडे यांनी मराठा रुग्णालय उघडण्यासाठी पुढाकार घेतला. शहर सोडून जाणे त्यांना अवघड नव्हते. ते राहिले, रोग्यांत वावरले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे वय पन्नाशीच्याही आत होते. त्यानंतर महिनाभराने, १० मार्च रोजी, पुण्यास प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनीही देह ठेवला.

लोखंडे गेले आणि त्यांची संस्था जवळजवळ नामशेष झाली. सर्व भार एकाच माणसाच्या खांद्यावर असला, की असेच घडते. परंतु त्यांनी पाडलेली वाट पुरती बुजली नाही. १९०९ मध्ये सी. के. बोले आदी मंडळींनी मुंबईत कामगार हितवर्धक सभा स्थापली. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. तिचे एक प्रमुख कार्यकर्ते नारायण मल्हार जोशी यांनी कामगारांच्या कामाला देशव्यापी रूप दिले. १९२६ च्या कायद्याने संघटना नोंदवण्याचा हक्क कामगारांना मिळाला. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचे सेनानी स्वामी रामानंद तीर्थ यांनी संन्यास घेण्यापूर्वी याच जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीत उमेदवारी केली होती. ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात आज किनवट येते, ते नांदेडचे विद्यापीठ त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

लोखंडे यांच्या स्मरणार्थ भारताच्या टपाल खात्याने २००५ साली तिकीट काढले. मुंबईत परळ येथे कामगारविषयक शिक्षण देणारी महाराष्ट्र शासनाची संस्था आहे, तिलाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. ज्या परळात १८८४ साली साडेपाच हजार मजुरांनी आपल्या अर्जावर सह्या केल्या, तेच हे परळ होय.